वादळ, झड आणि ओल : किनाऱ्यावरच्या घरांचे प्रश्न

मे महिना लागला की कोकणातून येणाऱ्या पत्रांत छपराचे प्रश्न वाढतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ आणि पुढच्याच मे महिन्यात किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलेले ‘तौक्ते’ या दोन वादळांत उडालेली छपरे पावसाच्या धास्तीने मिळेल त्या सामानाने परत चढवली गेली. पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. कौल कोणते, पत्रा कोणत्या कंपनीचा, रंग कोणता यावर पुष्कळ विचार होतो. खिळा, स्क्रू, तार आणि सांधा यांच्यावर जवळजवळ होत नाही. घर मात्र तिथेच हरते. म्हणून या वेळी असेच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमचे जांभ्याचे जुने कौलारू घर आहे. ‘निसर्ग’मध्ये अर्धे छप्पर गेले. मंगलोरी कौले परत घातली आहेत, पण प्रत्येक वादळाच्या बातमीने जीव घाबरा होतो. काही जण म्हणतात कौले काढून पत्रे टाका, काही म्हणतात सगळ्या कौलांवर सिमेंट फासून टाका. काय करावे? (श्रीवर्धन)

दोन्ही करू नका. कौलारू छप्पर वादळात टिकू शकते, फक्त ते नुसत्या वजनावर ठेवलेले नसावे.

हिशेब पाहा. चौरस मीटरला साधारण १५ मंगलोरी कौले बसतात आणि त्यांचे वजन ४० किलोच्या आसपास भरते. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३० किलो असतो. १२० किलोमीटरला तोच ६८ किलो होतो, कारण वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो. शिवाय वारा छपरावरून जाताना कौलांना खाली दाबत नाही, वर ओढतो. ही ओढ पावळीला (छपराच्या खालच्या कडेला), त्रिकोणी भिंतीच्या कडांना आणि आढ्याजवळ सगळ्यात जास्त असते. तिथे ती १०० किलोच्या पुढे जाते आणि ४० किलोची कौले उचलली जातात. एक कौल गेले की त्या भोकातून वारा आत शिरतो, आतून छपराला वर ढकलतो आणि मग मधली कौलेही जातात. वाऱ्याच्या तोंडाची खिडकी उघडी राहिली तरी हेच होते. ‘वारा आरपार जाऊ द्यावा’ म्हणून खिडक्या उघड्या ठेवण्याचा सल्ला अजून दिला जातो, तो चुकीचा आहे. सगळी दारे-खिडक्या लावून घ्या, आतून अडसर घाला.

आता कामाचे. मंगलोरी कौलाच्या पाठीला एक बोंड असते, त्याला भोक असते. ते तार ओवण्यासाठीच आहे. आपल्याकडे ते बहुधा रिकामे राहते. पावळीच्या तीन रांगा, आढ्याच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन रांगा आणि कडेच्या भिंतींलगतच्या दोन-दोन उभ्या ओळी एवढी कौले रिपेला (कौलांखालच्या आडव्या पट्टीला) तारेने बांधा. दहा मीटर लांब आणि दोन्ही बाजूंना चार-चार मीटर उताराच्या छपराला सुमारे १,२०० कौले लागतात. त्यांतली बांधायची साधारण ६३०. कौलामागे ४० सेंटिमीटर तार धरली तर २५० मीटर होते. १.५ मिमीची तांब्याची तार घेतली तर ती चार किलो भरेल. स्टेनलेस तार घेतलीत तर ३१६ प्रतीची मागा, ३०४ समुद्राजवळ डागाळते. सळ्या बांधायची काळी तार मात्र बिलकुल नको. खाऱ्या हवेत ती पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत तुटते, आणि तुटली आहे हे खालून दिसतही नाही.

कौल रिपेला बांधले, पण रीपच वाशावरून निघाली तर? जुन्या घरांत रीप एका खिळ्यावर असते आणि खिळ्याभोवतीचे लाकूड गंजाने काळे पडून मऊ झालेले असते. २५ मिमी जाड रीप असेल तर प्रत्येक वाशावर ७५ मिमीचा स्टेनलेस किंवा गरम जस्तात बुडवलेला स्क्रू मारा, म्हणजे तो वाशात ५० मिमी जातो. जुन्या खिळ्याच्या भोकात मारू नका, शेजारी मारा.

त्याखालचा सांधा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. भिंतीच्या माथ्यावरच्या ज्या आडव्या लाकडावर वासे टेकतात, ते लाकूड अनेक घरांत नुसते चिऱ्यांवर ठेवलेले असते. प्रत्येक वाशाला ३ मिमी जाड, ३० मिमी रुंद जस्तलेपित पट्टी वरून वळवून त्या लाकडाला बोल्टने आवळा, आणि ते लाकूड दर चार फुटांवर १२ मिमीच्या सळईने भिंतीत खाली दोन ते अडीच फूट उतरवून धरा. सळईचे खालचे टोक वळवलेले हवे. वरच्या एकाच थरात अडकवलेला बोल्ट वादळात तो चिरा घेऊनच वर जातो. छप्पर पुरते उतरवलेच असेल तर भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग सहा इंचांचा सळईचा काँक्रीट पट्टा घालून घ्या आणि बोल्ट त्यात बसवा. पैसे राखून ठेवायचे ते या कामासाठी.

कौलांवर सरसकट सिमेंट फासले की ऊन-पावसाने ते तडकते, तडीतून शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि खालची रीप कुजते. पुढच्या शाकारणीला एक फुटके कौल बदलायचे तर शेजारची चार फुटतात. सिमेंट लागते ते फक्त आढ्यावरच्या कोन्यांना (आढे झाकणाऱ्या कौलांना), तेही दोन्ही कडांखाली पट्टीसारखे. कोन्याचे पोट भरून नाही. माल १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग वाळू. नुसत्या सिमेंटचा कडक माल कोन्याला धरून ठेवत नाही, तो कोन्यापासून सुटतो.

प्रश्न : ‘तौक्ते’मध्ये आमच्या पडवीचा पत्रा गेला. नवल म्हणजे स्क्रू सगळे जागच्या जागी राहिले, पत्रा त्यांच्याभोवती फाटून गेला. आता जाड पत्रा घ्यावा का? (देवगड)

जाड पत्रा घ्या, पण तेवढ्याने भागणार नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो. वाऱ्यापुढे ते शून्यच. सगळा भार स्क्रूंवर. तुमच्या पडवीला आडवे पाइप चार फुटांवर आणि स्क्रू दोन फुटांवर असतील (बहुतेक फॅब्रिकेटर तसेच मारतात), तर एका स्क्रूच्या वाट्याला पाऊण चौरस मीटर पत्रा येतो, म्हणजे वादळात ७० किलोच्या वर ओढ. पत्रा तासन्‌तास फडफडतो, स्क्रूच्या डोक्याभोवती बारीक चिरा पडतात आणि शेवटी पत्रा डोक्यावरून निघून जातो. पहिल्या आणि शेवटच्या पाइपापासून अडीच फुटांवर आणखी एकेक पाइप घ्या, कडेच्या त्या दोन-दोन पाइपांवर प्रत्येक पन्हाळीला स्क्रू मारा; मग एका स्क्रूवर १५-२० किलोच येतात. मधल्या भागात एकाआड एक पन्हाळी पुरे. स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नाही. त्याखाली रबराचा ईपीडीएम वॉशर आणि कडेच्या ओळींना त्यावर उंचवट्याच्या आकाराचा मोठा धातूचा वॉशर. रबर चपटे होऊन बाहेर फुगेपर्यंत आवळू नका, ते एका उन्हाळ्यात फाटते.

पत्रा पाइपाच्या बाहेर एक फुटापेक्षा जास्त लोंबू देऊ नका. पडवी तीन बाजूंनी उघडी असते, त्यामुळे वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो. आठ फूट रुंद पडवीला आठ-आठ फुटांवर खांब असले तर एका खांबावर तीन चौरस मीटर छप्पर येते; त्याला धरून ठेवायला ३०० किलो वजन पायाशी हवे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा २९० किलोच्या आसपास भरतो. फरशीवर प्लेट ठेवून चार खिळीबोल्ट मारलेला खांब फरशीसकट उपटतो.

किनाऱ्यावर ॲल्युमिनियम-जस्ताचा थर असलेला पत्रा साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा जास्त टिकतो. तो ग्राइंडरने कापू नका. ठिणग्यांनी थर जळतो आणि उडालेले लोखंडाचे कण पत्र्यावर चिकटून आठवड्याभरात गंजाचे ठिपके उठतात. कात्रीने किंवा निबलरने कापा, आणि छिद्रे पाडून झाल्यावर सगळा कीस झाडून काढा.

जुने सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. तुकडे कोरडे झाडू नका, फोडू नका. पाणी मारून ओले करा, मास्क लावा, जाड पिशवीत भरून तोंड बांधा.

प्रश्न : वादळानंतर छपरावर टाकलेली ताडपत्री दोन दिवसांत फाटते. दोरीला दगड लावले तरी. (हर्णै)

लोंबकळणारे दगडच तिला फाडतात, आणि सुटले तर शेजाऱ्याच्या डोक्यात जातात. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या उतारावर किमान तीन फूट न्या. तिची कड लाकडी पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळा आणि ती पट्टी वाशाला दर फुटावर स्क्रूने पक्की करा. मध्ये दर चार फुटांवर उताराच्या दिशेने वरून एकेक पट्टी मारा. वारा खाली शिरला नाही तर ताडपत्री फडफडत नाही आणि फाटत नाही. ओल्या कौलांवर चढू नका. शिडी वाशाच्या ओळीवर टेकवून आडवी फळी टाकून काम करा. आणि झाकण्याआधी फोटो काढा, तलाठ्यांना कळवून पंचनामा मागा. झाकलेले नुकसान नंतर दाखवता येत नाही.

प्रश्न : घर समुद्रापासून दोनशे मीटरवर. जांभ्याच्या भिंतींना बारा वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लोणा लागतो, पापुद्रे सुटतात. वॉटरप्रूफ रंग दोनदा लावला, दोन्ही वेळा फुगून पडला. (मुरूड)

रंग पडतो हे लोण्याचे लक्षण आहे. जांभा सच्छिद्र असतो. पायातून ओल वर चढते, येताना मातीतले, खाडीच्या वाळूतले, वाऱ्याने आणलेले मीठ सोबत आणते. भिंतीला श्वास घेता आला तर पाणी पृष्ठभागावरून उडून जाते आणि मीठ बाहेर भुकटीसारखे दिसते. कुंच्याने झाडले की संपले. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर प्लास्टिकसारखा रंग आला की पाणी त्याच्या मागेच अडकते, मिठाचे स्फटिक तिथेच वाढतात आणि थराला पुढे ढकलतात. म्हणजे तुम्ही जितका भारी रंग लावाल तितका तो लवकर पडेल.

आधी ओल कुठून येते ते पाहा. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतली दमट हवा आहे, तिचा इलाज वायुवीजन. जमिनीपासून सहा इंच, दोन फूट आणि चार फूट अशा तीन उंचींवर लावलेत तर ओल किती चढते तेही कळेल.

भिंतीतून येत असेल तर भिंतीला हात लावण्याआधी अंगण पाहा. वर्षानुवर्षे भराव आणि पेव्हर ब्लॉक टाकून अंगण जोत्याच्या उंचीला आलेले असते. ते जोत्याच्या माथ्यापासून किमान सहा इंच खाली न्या, उतार घरापासून दूर. पागोळ्या पडतात त्या ओळीत दोन फूट रुंद खडीचा पट्टा करा, नाहीतर उडालेले थेंबच भिंतीचा खालचा दीड फूट भिजत ठेवतात. पावळीला पन्हळ असेल तर तिचे पाणी पायाशी सोडू नका.

मग दिवाळीनंतर गिलावा काढा : लोण्याच्या शेवटच्या खुणेच्या वर आणखी दीड फूट. चिऱ्यांमधल्या सांध्यांतला माल २० मिमी खोल खरवडा. भिंत उन्हाळ्यापर्यंत उघडी ठेवा. हा भाग लोक टाळतात आणि काम तिथेच बिघडते. वाळायला इंचामागे महिना हा जुना अंदाज धरला तर नऊ इंचांच्या भिंतीला आख्खा कोरडा हंगाम पुरत नाही, निदान तेवढा तरी द्या. रोज मीठ कोरड्या ब्रशने झाडा आणि खाली पडलेले उचलून लांब टाका. पाण्याने धुऊ नका, मीठ विरघळून परत आत जाते. ॲसिड तर नकोच. जास्त मीठ असलेल्या जागी वर्तमानपत्राचा लगदा गोड्या पाण्यात भिजवून बोटभर जाड थापा, पूर्ण वाळू द्या, काढून टाका. दोन-तीन वेळा केलेत की भिंतीतले पुष्कळ मीठ लगद्यात येते.

नवा गिलावा चुन्याचा : भिजवलेला चुना १ भाग, धुतलेली नदीची वाळू ३ भाग, १० ते १२ मिमीचे दोन थर, दुसरा पहिला घट्ट झाल्यावर. दोन आठवडे ओले गोणपाट लावून सावकाश वाळू द्या. वर चुन्याचीच सफेदी. या गिलाव्यावर काही वर्षांनी पुन्हा मीठ दिसेल, कदाचित खालचा फूटभर पट्टा बदलावा लागेल. तो खराब व्हावा, चिरा वाचावा, यासाठीच तो असतो. गवंडी म्हणतील चुना कोण करतो आता. करणारे कोकणात अजून आहेत. चुना आठवडाभर आधी भिजवून ठेवायला सांगा.

प्रश्न : बंगल्याच्या स्लॅबचे खालून तुकडे पडतात, सळ्या दिसतात. ठेकेदार म्हणतो गंज ब्रशने काढून गिलावा करू. (अलिबाग)

त्याला नाही म्हणा. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, त्या जोरानेच काँक्रीट फुटले. वर गिलावा केला की गंज आत चालू राहतो आणि पुढचा तुकडा मोठा पडतो.

आधी गच्चीवरून येणारे पाणी बंद करा. १०० ला १ उतार, कठड्याच्या कोपऱ्यात गोल वाटा, आणि काम झाल्यावर गच्चीत ४८ तास पाणी साठवून चाचणी. मगच खालची दुरुस्ती, टेकू लावून. सैल काँक्रीट फोडत सळईचा गंजलेला भाग संपून पुढे चार इंच स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत जा, आणि सळईच्या मागेही बोट जाईल एवढी, २०-२५ मिमी, जागा करा. अर्धी सळई काँक्रीटमध्ये पुरलेली राहिली तर मागून गंज चालू राहतो. सळई चकचकीत होईपर्यंत घासा. पाचव्या हिश्श्याहून जास्त झिजली असेल तर शेजारी नवी सळई जोडा, जोडाची लांबी इंजिनिअर ठरवेल. त्यावर जस्तयुक्त प्रायमर. भरायला पॉलिमर मॉर्टर : ५० किलो सिमेंटला १५० किलो क्वार्ट्झ वाळू आणि साधारण १० लिटर पॉलिमर, थर १०-१५ मिमीचे. पॅच दिसला तेवढाच फोडला तर मीठ शेजारच्या काँक्रीटमध्ये राहते आणि वर्षभरात पॅचच्या कडेने नवा गंज सुरू होतो. छताच्या निम्म्याहून जास्त भागात ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल तर ते ठेकेदाराचे काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

नवे बांधकाम करणाऱ्यांसाठी : भारतीय मानक ४५६ किनारी हवेसाठी एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी आवरण सांगते. गावाकडे स्लॅबला १५-२० मिमी आवरण सर्रास राहते. सळईखाली ठेवायचे ठोकळे स्वतः मोजा, आणि खाडीची वाळू काँक्रीटला घालू देऊ नका.

प्रश्न : पश्चिमेच्या सरकत्या खिडकीतून झड आत येते, सिलिकॉन भरूनही. (मालवण)

सिलिकॉन कुठे भरले? ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी निघायची छोटी भोके असतात. ती सिलिकॉनने किंवा धुळीने बुजली की ट्रॅक भरतो आणि वारा ते पाणी आत उडवतो. भोके मोकळी करा. नसतील तर प्रत्येक ट्रॅकला दोन्ही टोकांशी ८ मिमीची पाडा. सिलिकॉन फक्त चौकट आणि भिंत यांच्या फटीत, बाहेरून. खिडकीखालच्या दगडाला बाहेर उतार हवा, आणि छज्जाच्या खालच्या पृष्ठभागावर कडेपासून दोन इंच आत १० मिमीची खाच पाडा, म्हणजे पाणी छज्जाच्या पोटाने भिंतीपर्यंत येत नाही.

प्रश्न : जुलै २०२१ मध्ये घरात सात फूट पाणी होते. तेव्हा घाईत काय करावे कळले नाही. पुन्हा वेळ आली तर क्रम काय ठेवावा? (चिपळूण)

आत जाण्याआधी मेन स्विच बंद, आणि स्विचपर्यंत जायला पाण्यातून चालावे लागत असेल तर महावितरणला सांगून खांबावरून पुरवठा तोडून घ्या. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा. छत आणि भिंती बाहेरून बघा. नवी तिरकी भेग किंवा खचलेला पाया दिसला तर आत जाऊ नका.

चिखल ओला असतानाच काढा. वाळला की फरशीच्या सांध्यांत आणि दाराच्या चौकटीत सिमेंटसारखा बसतो. भिंती वरून खाली धुवा. गाद्या, प्लायवूडची कपाटे, पुठ्ठा पहिल्याच दिवशी बाहेर; ओल्या पुठ्ठ्यावर एक-दोन दिवसांत बुरशी धरते आणि सगळ्या घरात पसरते. बुरशी साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच वापरलेत तर त्यात ॲसिड किंवा दुसरे कुठलेही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

पाण्यात गेलेले स्विच, सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी (करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच) वाळवून परत लावू नका, बदला. आत बारीक गाळ आणि मीठ राहते. वायरिंगचे पाइप टोकाकडून मोकळे करून आतले पाणी काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासून घ्या. किमान १ मेगाओहम आल्याशिवाय पुरवठा सुरू करू नका. नवीन बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर याच वेळी बसवा. फ्रीज, पंप, मिक्सर तपासल्याशिवाय ‘चालतो का बघू’ म्हणून लावू नका.

भिंतींना रंग दिवाळीनंतर, वर सांगितलेली प्लास्टिकची चाचणी कोरडी आल्यावरच. फुगलेल्या दारांना लगेच रंधा मारू नका. सागवान वाळले की आपल्या मापाला परत येते, आणि तेव्हा मारलेला रंधा बोटभर फट होऊन दिसतो. दारे बिजागरीवरून उतरवून सावलीत, खाली तीन समान पट्ट्या घालून आडवी ठेवा. उन्हात एका बाजूने वाळली की पिळतात.